आळशी गणिताचा हिशेब

‘० × (३७ × ४८५ + ९१ × ९१) या पदावलीची किंमत काढा’ असे फळ्यावर लिहिले, तर वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. काही जण लगेच कंसाकडे वळतात आणि गुणाकार मांडू लागतात. काही जण सुरुवातीचे शून्य पाहतात, उत्तर ‘०’ लिहितात आणि पेन खाली ठेवतात. उत्तर दोघांचेही बरोबर असते. पहिल्याने अधिक कष्ट केले, दुसऱ्याने केले नाहीत, एवढाच फरक.

संगणकाच्या भाषांमध्येही हे दोन स्वभाव आढळतात. सी, जावा, पायथन यांसारख्या बहुतेक भाषा पहिल्या प्रकारच्या आहेत. एखाद्या फलनाला जी पदे द्यायची, त्यांची किंमत त्या आधी काढून घेतात आणि मग फलनाकडे वळतात. यांना आपण ‘तत्पर’ भाषा म्हणू. मिरांडा, हॅस्केल या भाषा दुसऱ्या प्रकारच्या. एखाद्या पदाची किंमत खरोखर लागेपर्यंत त्या ती काढतच नाहीत. आणि एकदा काढली की ती लिहून ठेवतात, पुन्हा काढत नाहीत. संगणकशास्त्रात या पद्धतीला सरळ ‘आळशी’ असेच नाव आहे आणि ते निंदाव्यंजक समजले जात नाही.

या कल्पनेला आता अर्धशतक उलटून गेले आहे. १९७१ साली ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी ऑक्सफर्ड येथील आपल्या प्रबंधात ती मांडली. १९७६ मध्ये एकीकडे पीटर हेंडरसन व जेम्स मॉरिस आणि दुसरीकडे डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांचे या विषयावरचे निबंध प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये जॉन ह्यूज यांनी आपल्या एका गाजलेल्या निबंधात या पद्धतीचे समर्थन केले. वर्गमूळ काढण्याची न्यूटनची रीत हे त्यांचे एक उदाहरण. २ च्या वर्गमूळासाठी १ पासून सुरुवात केली, तर १.५, १.४१६६…, १.४१४२१५… अशा अधिकाधिक जवळच्या किमती मिळत जातात. ही मालिका निर्माण करणारे फलन वेगळे लिहावे आणि कुठे थांबायचे हे ठरवणारे फलन वेगळे लिहावे, असे ह्यूज म्हणतात. आळशी भाषेत पहिले फलन अनंत मालिका ‘लिहू’ शकते, कारण दुसरे जेवढे मागेल तेवढीच पदे प्रत्यक्षात काढली जातात.

उदाहरण सुंदर आहे; पण तत्पर भाषेत हेच काम एका साध्या आवर्तनाने होते, असे कोणी म्हटले तर त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. आळशी पद्धत ही चैन आहे की गरज, हे अशा छोट्या उदाहरणांवरून ठरत नाही. त्यासाठी असे एखादे मोठे काम हवे, की जे हजारो माणसे रोज वापरतात आणि ज्यात चूक झाली तर कोणाचे तरी नुकसान होते. असे एक काम आहे. ‘निक्स’ नावाच्या प्रणालीत सॉफ्टवेअरची बांधणी कशी करायची याची वर्णने एका आळशी भाषेत लिहिलेली असतात. त्या निवडीची चिकित्सा आम्ही या लेखात करणार आहोत.

चिठ्ठ्यांचा खेळ

त्याआधी वर्गात दहा मिनिटांत खेळता येईल असा एक खेळ सांगतो. पुढची सारी चर्चा त्याच्या आधाराने करता येईल.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर एक अक्षर आणि त्याची व्याख्या असेल. उदाहरणार्थ: अ = १२ × ५; ब = अ + ४०; क = अ + ब; ड = ७ ÷ ०; प = फ + १; फ = प − १. नियम तीनच. कोणी विचारल्याशिवाय चिठ्ठी उघडायची नाही. उघडल्यावर दुसऱ्याच्या अक्षराची गरज पडली तर फक्त त्यालाच विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हात वर ठेवायचा. उत्तर निघाले की ते चिठ्ठीवर लिहून हात खाली घ्यायचा. पुन्हा कोणी विचारले तर लिहिलेलेच सांगायचे.

आता शिक्षकांनी ‘क’ विचारावा. क हा अ ला विचारतो, उत्तर येते ६०. मग क हा ब ला विचारतो. ब पुन्हा अ ला विचारतो, पण अ काही गुणाकार करत बसत नाही, तो लिहिलेले ६० सांगतो. ब चे उत्तर १००, क चे १६०. बाकीचा वर्ग स्वस्थ बसलेला असतो. चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने वाटल्या याला काहीच महत्त्व नव्हते, हेही मुलांच्या लक्षात येते.

यानंतर ‘प’ विचारावा. प हा फ ला विचारतो आणि हात वर ठेवतो. फ परत प लाच विचारतो. ज्याचा हात आधीच वर आहे त्यालाच विचारण्याची वेळ आली, म्हणजे व्याख्या गोल फिरली. निक्सचा संगणकही चक्रव्याख्या नेमकी अशीच ओळखतो: किंमत काढणे चालू असलेल्या पदावर तो खूण करतो, त्या खुणेपाशी पुन्हा आला की काम थांबवतो आणि ‘अनंत पुनरावृत्ती’ असा संदेश देतो. बीजगणिताच्या शिक्षकांना येथे थोडे थांबता येईल. समीकरणे म्हणून पाहिली तर प = फ + १ आणि फ = प − १ यांना अगणित उकली आहेत. व्याख्या म्हणून पाहिली तर एकही नाही. ‘बरोबर’ या चिन्हाचे हे दोन अर्थ मुलांना सहसा वेगळे करून सांगितले जात नाहीत.

आणि ड? त्याच्या चिठ्ठीवर शून्याने भागाकार आहे. खेळ संपला तरी त्याला कोणी विचारलेले नाही. चूक तशीच बंद चिठ्ठीत राहिली. हा ड लक्षात ठेवावा. आमच्या टीकेचा मुद्दा त्याच्यापाशी आहे.

बांधणीची वर्णने

आता प्रत्यक्ष विषयाकडे येऊ. एखादे सॉफ्टवेअर वापरण्याजोगे होण्याआधी ते बांधावे लागते. त्यासाठी मूळ आज्ञावली लागते, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर लागतो आणि इतरांनी तयार केलेल्या अनेक आज्ञावली-संग्रहांचा, म्हणजे लायब्रऱ्यांचा, आधार लागतो. त्या लायब्रऱ्या पुन्हा इतर लायब्रऱ्यांवर अवलंबून असतात. अशा बांधलेल्या गाठोड्याला ‘पॅकेज’ म्हणतात.

संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव आला असेल. नवे सॉफ्टवेअर बसवले आणि कालपर्यंत नीट चालणारे दुसरे बंद पडले. कारण बहुधा असे असते: दोघेही एकाच नावाची लायब्ररी वापरतात, नव्याने आपल्या सोयीची आवृत्ती आणली आणि जुनी पुसली. दोन वस्तूंना एकच नाव आणि एकच जागा दिल्याचा हा परिणाम आहे.

नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास या प्रश्नावर काम सुरू केले. २००६ साली त्यांचा ‘द प्युअरली फंक्शनल सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंट मॉडेल’ हा प्रबंध पूर्ण झाला. मूळ विचार शालेय गणितातला आहे. बांधणी हे एक फलन मानावे: मूळ आज्ञावली, कंपायलर, लायब्रऱ्या ही त्याची सामग्री आणि तयार पॅकेज ही त्याची किंमत. f(३) ची किंमत जशी वारावर किंवा गणित कोण सोडवतो यावर अवलंबून नसते, तशी बांधणीही उघड सांगितलेल्या सामग्रीखेरीज कशावरही अवलंबून नसावी. म्हणून बांधणी बंद खोलीत होते. न सांगितलेली फाइल तेथे दिसतच नाही. ‘निक्स’ हे नावही ‘काही नाही’ या अर्थाच्या ‘निक्स’ या डच शब्दावरून आले आहे.

सर्व सामग्रीवरून एक ठसा काढला जातो आणि तो पॅकेजच्या नावात घातला जातो. हा ठसा ३२ अक्षरांचा असतो. दहा अंक आणि इंग्रजीची २६ अक्षरे मिळून ३६ चिन्हे; त्यांतून ई, ओ, यू आणि टी वगळली, कारण योगायोगाने एखादा असभ्य शब्द तयार होऊ नये. उरली ३२ चिन्हे, म्हणजे २ चा पाचवा घात. प्रत्येक चिन्ह ५ बिटांचे, ३२ चिन्हांचे १६० बिट. सामग्रीत एका अक्षराचा फरक पडला तरी ठसा बदलतो, नाव बदलते आणि नवे पॅकेज जुन्याशेजारी वेगळ्या जागी राहते. कोणी कोणाला पुसत नाही. (ठसा कृतीचा आहे, पदार्थाचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याच कृतीने दोनदा बांधलेल्या पॅकेजमध्ये, उदाहरणार्थ आत नोंदलेल्या वेळेमुळे, थोडा फरक राहू शकतो.)

ही वर्णने ज्या भाषेत लिहितात ती भाषा आळशी आहे. या भाषेतला वर्णनांचा मोठा सार्वजनिक संग्रह ‘निक्स-पॅकेजेस’ या नावाने ओळखला जातो. त्यात आज एक लाखाहून अधिक पॅकेजे आहेत.

श्रेय कोणाचे?

निक्सचे चाहते या प्रणालीचे गुण सांगताना ‘शुद्ध’ आणि ‘आळशी’ हे दोन शब्द जोडीने उच्चारतात. त्यामुळे दोन्हींचे श्रेय एकमेकांत मिसळून जाते. आमच्या मते टीकाकाराचे पहिले काम हे श्रेय वेगळे करण्याचे आहे.

दोन आवृत्त्या शेजारी नांदतात, बिघडल्यास मागच्या स्थितीवर परत जाता येते, एका यंत्रावर बांधलेले दुसऱ्यावर वापरता येते. हे सारे गुण शुद्धतेचे, म्हणजे सामग्री तीच असेल तर कृतीही तीच या नियमाचे आहेत. भाषा तत्पर असती तरी ते तसेच राहिले असते.

‘आळशी असल्याने नको असलेली पॅकेजे बांधली जात नाहीत’ असेही ऐकू येते. हेही अचूक नाही. निक्सचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात वर्णनाची किंमत काढून बांधणीचा आराखडा तयार होतो. दुसऱ्यात त्या आराखड्याप्रमाणे प्रत्यक्ष बांधणी होते. आधीच बांधलेले पुन्हा न बांधण्याची काटकसर दुसऱ्या टप्प्यातली आहे आणि तिला आळशी भाषा लागत नाही. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेली ‘मेक’ ही आज्ञावली, फाइलींच्या तारखा पाहून, तशाच जातीची काटकसर करत होती.

शिवाय पहिल्या टप्प्यातही आळसाला मर्यादा आहे. एका पॅकेजचा ठसा काढायचा तर त्याच्या सर्व सामग्रीचे ठसे हवेत, त्यांसाठी त्यांच्या सामग्रीचे, आणि असे थेट मुळापर्यंत. म्हणजे मागितलेल्या पॅकेजचे संपूर्ण झाड पालथे घालावेच लागते. आळस उपयोगी पडतो तो फक्त त्या झाडाबाहेरच्या पॅकेजांपुरता.

मग आळशीपणाचे स्वतःचे श्रेय काय? आमच्या मते दोन गोष्टी. आणि त्या लहान नाहीत.

पहिली म्हणजे एक लाख चिठ्ठ्या एकाच पेटीत ठेवता येतात. संपूर्ण संग्रह हे एकच मोठे पद आहे: डावीकडे नावे, उजवीकडे वर्णने. एखादे छोटे पॅकेज मागितले की नावांची यादी तयार होते, पण उजवीकडची चिठ्ठी फक्त त्या पॅकेजची आणि त्याच्या आधारांची उघडते. तत्पर भाषेत हेच पद लिहिले असते, तर एका पॅकेजसाठी लाख वर्णने वाचावी लागली असती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा संग्रह स्वतःच्याच आधाराने लिहिलेला आहे. निकालपत्रकाच्या तक्त्यात एक घर दुसऱ्या घरावर, दुसरे तिसऱ्यावर अवलंबून असते. कोणते घर आधी भरले याला महत्त्व नसते, फक्त वर्तुळ होता कामा नये. निक्सचा संग्रह तसाच आहे. गणिताच्या भाषेत सांगायचे तर ‘संग्रह = फ(संग्रह)’. पुरा झालेला संग्रह हीच फलनाची सामग्री आणि तीच त्याची किंमत. तत्पर भाषेला हे थेट लिहिता येत नाही, कारण फलन सुरू करण्याआधी तिला पुरा संग्रह हातात हवा असतो. आळशी भाषेला तो ‘पुढे कधीतरी मिळेल’ एवढे पुरते.

याचा व्यवहारातला उपयोग असा. समजा, सांकेतिक लेखनाच्या एका लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली. संग्रहावर एक छोटे वर्णन ‘चढवायचे’: यात नवी आवृत्ती घ्या. निक्समध्ये अशा वर्णनाला दोन सामग्री मिळतात. एक, बदलापूर्वीचा संग्रह; दुसरी, सर्व बदल होऊन अंती तयार होणारा संग्रह. तक्त्यातले एक घर बदलले की त्यावर अवलंबून असणारी सारी घरे जशी बदलतात, तशी त्या लायब्ररीवर विसंबलेली सर्व पॅकेजे नव्या आवृत्तीचा आधार घेतात. एकेका पॅकेजचे वर्णन शोधून दुरुस्त करावे लागत नाही. अर्थात, त्या सगळ्यांचे ठसे बदलतात आणि ती सगळी नव्याने बांधावी लागतात. ही किंमत शुद्धतेची आहे, आळसाची नाही.

संग्रह स्वतःवर आधारलेला असला तरी वर्तुळ खपत नाही. सी भाषेचा कंपायलर बांधायला सी भाषेचाच कंपायलर लागतो. ही साधी व्याख्या लिहिली तर आपल्या प आणि फ सारखी गोल फिरेल. म्हणून लिनक्सवरील निक्स-पॅकेजेसमध्ये आधीच बांधलेल्या साधनांचे एक लहान बीज घेतात आणि त्यावरून टप्प्याटप्प्याने पक्क्या कंपायलरपर्यंत जातात. प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र संग्रह असतो, आणि त्यामुळे वर्तुळाचा जिना होतो.

न मागितलेली चिठ्ठी

आता ड कडे येऊ. तत्पर वर्गात, चिठ्ठ्या ओळीने सोडवत गेलो असतो तर, ड पाशी सारा वर्ग अडला असता. ते गैरसोयीचे होते, पण चूक तत्काळ उघड झाली असती. आळशी वर्गात क चे उत्तर बिनचूक मिळाले आणि ड ची चूक कोणाला कळली नाही.

एक लाख वर्णनांच्या संग्रहात याचा अर्थ गंभीर होतो. वर्णन लिहिणाऱ्याने एखाद्या लायब्ररीच्या नावात चूक केली, परवान्याच्या जागी भलताच शब्द टाकला, आकडा हवा तेथे यादी दिली, तरी कोणी ते पॅकेज मागेपर्यंत संगणक गप्प राहतो. कधी कधी पॅकेज मागितल्यावरही तो गप्प राहतो, कारण चूक त्याच्या अशा गुणधर्मात असते की जो या वेळी लागलाच नाही. निक्सची भाषा पदांचे प्रकार आधी तपासत नाही, म्हणून ही गप्पी अधिकच गडद होते. काही चुका आधी सापडतात, हे मान्य केले पाहिजे: लेखनाचे नियम मोडले असतील, किंवा कोठेच व्याख्या नसलेले नाव वापरले असेल, तर फाइल वाचतानाच ते कळते. पण फाइलसुद्धा मागितल्यावरच वाचली जाते.

आणि चूक शेवटी उघड होते तेव्हा ती जेथे केली तेथे उघड होत नाही. चुकीचे पद एका फाइलमध्ये लिहिलेले असते, ते न उघडता चार फलनांच्या हातून पुढे जाते आणि पाचव्याला त्याची किंमत लागते. संदेशात त्या पाचव्या फलनाचे नाव असते. नवशिक्या माणसाला वाटते की दोष तेथे आहे. मुलाने पहिल्या पायरीत चिन्ह चुकवावे आणि शिक्षकांनी लाल रेघ शेवटच्या पायरीखाली मारावी, तसे हे होते. निक्स शिकणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार या दूरच्या संदेशांबद्दल आहे. पुढच्या आवृत्त्यांत संदेश सुधारले, तरी तक्रारीचे मूळ भाषेच्या स्वभावात आहे.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. निक्समध्ये एखाद्या वर्णनाची किंमत काढताना दुसऱ्या पॅकेजच्या बांधणीतून निघालेली फाइल वाचता येते. म्हणजे पहिला टप्पा मध्येच थांबून दुसऱ्या टप्प्याची वाट पाहतो. आळशी भाषेत कोणते पद केव्हा उघडेल हे वाचून सहज सांगता येत नाही, त्यामुळे हा थांबा कोठे येईल हेही सांगता येत नाही. निक्स-पॅकेजेसच्या संग्रहात या सोयीला मनाई आहे. भाषेने दिलेली मोकळीक संग्रहाच्या नियमाने काढून घ्यावी लागावी, ही त्या मोकळिकीवरची बोलकी टीका आहे.

मग एवढा मोठा संग्रह चालतो कसा? कारण सर्व चिठ्ठ्या उघडणारा कोणीतरी असतो. निक्सच्या मंडळींनी ‘हायड्रा’ नावाची प्रणाली तयार केली. तिच्यावरचा डोल्स्ट्रा व एल्को व्हिसर यांचा निबंध २००८ चा आहे. हायड्रा संग्रहातली पॅकेजे ओळीने मागत जाते, त्यांचे आराखडे काढते, बांधते, काय बिघडले ते नोंदवते आणि तयार पॅकेजे इतरांना उतरवून घेता यावीत म्हणून ठेवते. या कामात लाखभर चिठ्ठ्या उघडतात आणि स्मृतीची कित्येक गिगाबाइट जागा खर्ची पडते. वापरणाऱ्याच्या यंत्रावरचा आळस हा असा मध्यवर्ती यंत्रांच्या उद्योगावर उभा आहे. ज्यांच्यामागे अशी यंत्रे नाहीत, अशा लहान गटाने आपला खासगी संग्रह निक्समध्ये लिहिला, तर आळसाचे फायदे त्यांना मिळतील. पण सगळ्या चिठ्ठ्या उघडून पाहण्याची व्यवस्था त्यांची त्यांनाच करावी लागेल. निक्सची शिफारस करणाऱ्यांनी ही बाजूही सांगायला हवी.

दुसरा मार्ग

आळशी भाषेवाचून हे जमले असते का? या प्रश्नाला कल्पनेने उत्तर देण्याची गरज नाही, कारण प्रयोग झालेला आहे. लुडोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये ‘गीक्स’ ही प्रणाली जाहीर केली. शुद्ध बांधणी, ठसे, शेजारी नांदणाऱ्या आवृत्त्या हे सारे तिने निक्सकडून घेतले. भाषा मात्र स्कीम ही जुनी, तत्पर भाषा निवडली.

गीक्समध्ये प्रत्येक पॅकेज ही एक नोंद असते: नाव, आवृत्ती, मूळ आज्ञावली, सामग्री इत्यादी रकाने असलेली. यांतला सामग्रीचा रकाना मुद्दाम बंद पाकिटासारखा केलेला आहे. लागेल तेव्हाच तो उघडतो. म्हणजे तत्पर भाषा घेणाऱ्यांनाही एका जागी आळस आणावाच लागला, आणि ती जागा पॅकेजांमधल्या परस्पर संदर्भांची आहे. आम्ही वर आळशीपणाचे जे खरे श्रेय म्हटले, ते नेमके या जागेचे आहे. बाकी नाव, आवृत्ती, वर्णन हे रकाने उघडे राहिले आणि काही बिघडले नाही.

याचा अर्थ गीक्सने बाजी मारली असा नाही. एका पॅकेजची नोंद दुसऱ्या फाइलमधल्या नोंदीवरून तयार करायची असेल आणि त्या दोन फाइली एकमेकींवर अवलंबून असतील, तर तेथे क्रमाचा प्रश्न उभा राहतो आणि लिहिणाऱ्याला सांभाळून लिहावे लागते. निक्समध्ये ही काळजी करावी लागत नाही. शिवाय आळसाच्या बाजूने एक जुना युक्तिवाद आहे. हॅस्केलच्या रचनाकारांपैकी सायमन पेटन जोन्स यांनी २००३ च्या एका व्याख्यानात म्हटले होते की आळशीपणाचा मोठा लाभ म्हणजे त्याने भाषेला शुद्ध राहायला भाग पाडले. कोणते पद केव्हा उघडेल हे ठाऊक नसेल, तर पद उघडताना फाइल पुसणे, छपाई करणे असले उद्योग करताच येत नाहीत. तत्पर भाषेत हा मोह सतत असतो. निक्समध्ये शुद्धता आणि आळस वेगळे करता येतात असे आम्ही म्हटले. पण एक दुसऱ्याची राखण करतो, हेही खरे आहे.

आमचे मत

डोल्स्ट्रा यांच्या प्रबंधाचे मोठेपण त्याच्या शुद्धतेच्या विचारात आहे. तेथे त्यांनी प्रत्येक निवडीची कारणे तपशीलवार दिली आहेत. आळशीपणाला त्या मानाने थोडी जागा मिळाली आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मागे राहिला. प्रबंध लिहिला गेला तेव्हा संग्रह लहान होता, हे त्याचे एक कारण असावे. थोड्या चिठ्ठ्या माणूस नजरेखालून घालू शकतो, लाख चिठ्ठ्या नाही.

निक्सने संदर्भांच्या जागी आळस स्वीकारला, ही निवड आम्हांला योग्य वाटते. संपूर्ण भाषाच आळशी केली आणि तिला प्रकारांची पूर्वतपासणी दिली नाही, हा जोड आम्हांला योग्य वाटत नाही. हॅस्केलही आळशी आहे, पण तेथे चिठ्ठी न उघडताही तिच्यात आकडा आहे की यादी, हे आधी तपासले जाते. आळस आणि पूर्वतपासणी यांत विरोध नाही, याचा हा पुरावा आहे. निक्सने एक घेतले आणि दुसरे सोडले.

हा प्रश्न संगणकाच्या कारागिरांपुरता नाही. आज हवामानाचे अंदाज, जनुकांचे विश्लेषण, औषधांच्या चाचण्यांचे हिशेब सॉफ्टवेअरवर होतात. दहा वर्षांनी कोणाला तोच हिशेब पुन्हा करून पाहायचा असेल, तर त्या वेळचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे उभे करता आले पाहिजे. प्रयोग पुन्हा करून पाहता येणे ही विज्ञानाची जुनी अट आहे, आणि निक्स-गीक्स यांसारख्या प्रणाली ती संगणकावर पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतात. म्हणूनच त्यांच्या वर्णनांवर किती विश्वास ठेवायचा, हे विचारायला हवे. संगणकाने तक्रार केली नाही, म्हणजे वर्णन बरोबर आहे, असा निष्कर्ष तत्पर भाषेतही घाईचा ठरतो. आळशी भाषेत तर तो काढताच येत नाही. तेथे गप्पीचा अर्थ एवढाच की कोणी विचारलेले नाही.

वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घेतलात, तर शेवटी मुलांना एक प्रश्न विचारावा: ‘क चे उत्तर बरोबर आले, मग सगळ्या चिठ्ठ्या बरोबर आहेत असे म्हणता येईल का?’ काही मुले ‘हो’ म्हणतील. त्यांना ड ची चिठ्ठी उघडायला सांगावे.